हात लावून बघायचे घर

मुंबई बघून आलेला माणूस गावात परतला, की चार दिवस त्याचा भाव वाढतो. तो पारावर बसतो. चार जण भोवती जमतात. तो सांगतो, राणीचा बाग पाहिला, म्हातारीचा बूट पाहिला, समुद्राचे पाणी चाखून पाहिले. मग म्हणतो, म्युझियम पाहिले.

"काय होते हो तिथे?"

"काचेच्या कपाटात भांडी होती, तलवारी होत्या, दगडाचे देव होते. पेंढा भरलेला वाघ होता. पण हात लावायची सोय नाही. शिपाई उभाच असतो."

बरोबर आहे त्याचे. जुन्या वस्तू जपायच्या तर हात लावून कसे चालेल? मुंबईतले सर्वांत जुने म्युझियम भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून आहे. ते १८७२ साली लोकांसाठी उघडले. डॉक्टर भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट या दोन मोठ्या माणसांनी त्यासाठी खटपट केली होती. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचेच नाव आहे. तिथल्या नाजूक वस्तूंना हजारो लोकांचे हात लागले, तर दहा वर्षांत काही उरणार नाही.

पण मुंबईत आणखी एक म्युझियम आहे. तिथे उलटा कारभार. तिथे हात न लावता परत याल, तर जाऊन न गेल्यासारखे. चाक फिरवा, दोरी ओढा, बटण दाबा, कानाने ऐका, पाहिजे तर त्यात बसा. ते वरळीला आहे. त्याचे नाव नेहरू विज्ञान केंद्र. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे. पण ती मुंबईत सुरू होत नाही. ती फार लांबून येते, म्हणून आधी तिकडे जाऊ.

जर्मनी नावाचा देश आहे. त्या देशात म्युनिक नावाचे शहर. तिथे ऑस्कर फॉन मिलर नावाचा एक विजेचा इंजिनियर होता. त्याचा जन्म १८५५ सालचा. त्या काळी वीज नवीन होती. जिथे यंत्र, तिथेच वीज. लांब नेता येत नसे. या मिलरने १८८२ साली तारेवरून ५७ किलोमीटर लांबून वीज आणून दाखवली. पुढे १८९१ साली आणखी माणसांच्या साथीने १७५ किलोमीटर लांबून आणली. नदीच्या पाण्यावर गावाकडे वीज तयार झाली आणि दिवे लागले शहरात! आज तुमच्या विहिरीवर मोटार चालते, ती कोयनेच्या नाही तर कुठल्या तरी दूरच्या विजेवर. ती वाट पाडणाऱ्यांपैकी हा एक.

मिलरच्या लक्षात एक गोष्ट आली. लोक दिव्याचे बटण दाबतात, आगगाडीत बसतात, पण आत काय चालते ते कोणालाच ठाऊक नाही. ते फक्त इंजिनियरला ठाऊक. हे बरे नव्हे. म्हणून १९०३ साली त्याने एक संस्था काढली आणि खरीखुरी यंत्रे गोळा करायला लागला. १९०६ साली एका जुन्या इमारतीत ती मांडली. मोठी इमारत बांधायला घेतली, ती नदीतल्या एका बेटावर. मध्येच पहिले महायुद्ध पेटले. पैसा आटला, काम रखडले. शेवटी १९२५ साली, ७ मे या दिवशी, दार उघडले. त्या दिवशी मिलरला ७० वर्षे पूर्ण झाली. माणूस चिवट, बरे का! बावीस वर्षे एकाच कामामागे.

त्या म्युझियममध्ये यंत्रे नुसती ठेवलेली नव्हती. ती चालत. काही तर बघणाऱ्यानेच चालवायची. कोळशाची खाण कशी असते ते दाखवायला जमिनीखाली खाणीची हुबेहूब नक्कल केली. माणूस आत चालत जाई आणि घाबरून बाहेर येई. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली त्या इमारतीवर बॉम्ब पडले. फार मोठा भाग मोडला. लोकांनी १९४८ पासून तो पुन्हा एकेक करून उघडला. घरे पडलेली, खायची पंचाईत, आणि तरी म्युझियम पुन्हा बांधायला घेतले. हे मला मोठे नवल वाटते.

आता आपल्या देशात येऊ. स्वातंत्र्य मिळाल्यावर बंगालचे मुख्यमंत्री होते डॉक्टर बिधानचंद्र रॉय. ते स्वतः नावाजलेले वैद्य. त्यांनी म्युनिकचे हे म्युझियम पाहिले आणि त्यांच्या मनात आले, असे आपल्याकडे का नको? घनश्यामदास बिर्ला यांनी कलकत्त्यातला, म्हणजे आजच्या कोलकात्यातला, आपला वाडा १९५६ साली या कामाला देऊन टाकला. २ मे १९५९ रोजी तिथे या तऱ्हेचे म्युझियम उघडले. नाव बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय. तिथेही पुढे कोळशाच्या खाणीची नक्कल केली. म्युनिकची आठवण, दुसरे काय! मग बंगळूरला दुसरे झाले. सर विश्वेश्वरय्यांचे नाव दिलेले. विश्वेश्वरय्या म्हणजे ज्यांनी पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले ते. त्या म्युझियमचा पहिला विभाग १९६५ साली लोकांना खुला झाला, आणि तो विजेचाच होता.

तिसरे मुंबईला करायचे ठरले.

इथे मला थोडे थांबायचे आहे. कारण या वेळेपर्यंत जगात आणखी एक विचार निघाला होता. तो काढणारा माणूस तुमच्याआमच्या ओळखीचा वाटेल असा आहे. त्याचे नाव फ्रँक ओपेनहायमर. अमेरिकेतला शास्त्रज्ञ. अणुबॉम्ब करणाऱ्यांचा जो मुख्य होता, त्याचा हा धाकटा भाऊ. फ्रँकच्या राजकीय मतांवरून गदारोळ झाला आणि १९४९ साली त्याची कॉलेजातली नोकरी गेली. मग याने काय केले? डोंगराळ मुलखात जमीन घेतली आणि गुरे पाळली. जवळजवळ दहा वर्षे तो गुरांमागे होता. पुढे तिथल्याच गावच्या शाळेत मास्तर झाला. मुलांना मोडक्या मोटारींचे भाग देऊन शिकवायला लागला. अशा या माणसाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात एक घर उघडले. त्यात जुन्या, मौल्यवान वस्तू नव्हत्या. त्यात फक्त प्रयोग होते. लोकांनी स्वतः करून बघायचे. वस्तू मोडली तर दुरुस्त करायची. दुरुस्तीचे कारागीरही लोकांच्या डोळ्यांसमोर काम करत बसत.

म्हणजे फरक ध्यानात आला का? मिलरच्या म्युझियममध्ये यंत्र पाहायचे, ते कसे चालते ते समजून घ्यायचे. फ्रँकच्या घरात यंत्राच्याही मागे जो सृष्टीचा नियम आहे, तो आपल्या हाताने तपासायचा.

मुंबईचे म्युझियम या दोन्ही विचारांचे अपत्य आहे. म्हणून त्याला म्युझियम न म्हणता विज्ञान केंद्र म्हणतात. ते एकदम उभे राहिले नाही. आपण कसे घर बांधतो, आधी एक खोली, मग पडवी, मग माडी, तसेच झाले. १९७७ साली एक प्रदर्शन मांडले. विषय होता उजेड आणि दृष्टी. १९७८ साली देशातल्या अशा सगळ्या म्युझियमचा कारभार पाहायला सरकारने एक वेगळी परिषद नेमली. १९७९ साली सगळ्या जगात बालकवर्ष पाळले गेले. त्याच साली वरळीला उघड्या आकाशाखाली विज्ञानाची बाग झाली. आणि ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते मोठ्या इमारतीचे उद्घाटन झाले. बाग आधी आणि इमारत नंतर! मला हा क्रम आवडतो.

बागेत शिरल्यावर पोरे पहिली पळतात ती वाफेच्या रेल्वे इंजिनाकडे. तिथे ट्रामचा डबाही आहे. ट्राम म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून चालणारी गाडी. मुंबईत ती १९६४ साली बंद झाली. आणि एक लढाऊ विमान आहे, मारुत नावाचे. ते आपल्याच देशात, बंगळूरला तयार झाले. १९६१ साली ते पहिल्यांदा उडाले. आवाजापेक्षा वेगाने जावे म्हणून ते आखले होते. इंजिने पाहिजे तशी जोरदार मिळाली नाहीत, म्हणून ते मनासारखे धावले नाही, ही गोष्ट वेगळी. पण जवळ उभे राहून पाहिले की छाती भरून येते.

मी मात्र तुम्हाला विमानाचे सांगत बसणार नाही. कप्पीचे सांगणार आहे.

अशा बागांत एक खुर्ची टांगलेली असते. वर कप्प्या असतात. आपण खुर्चीत बसायचे, आपणच दोरी ओढायची आणि आपलेच आपण वर जायचे. ६० किलोचा माणूस स्वतःला उचलतो आणि त्याला दमही लागत नाही. हे कसे?

विहिरीवरची कप्पी आठवा. तिच्यावरून दोर टाकून आपण घागर ओढतो. ती कप्पी एका जागी बसवलेली असते. तिने ओझे कमी होत नाही. फक्त वर ओढण्याऐवजी खाली ओढायचे, एवढी सोय होते. आता दुसरी तऱ्हा पहा. दोराचे एक टोक वर आढ्याला बांधले. कप्पी ओझ्याला बांधली. दोर त्या कप्पीखालून घेऊन दुसरे टोक आपल्या हातात धरले. आता ओझे किती दोरांवर टांगले आहे? दोन. अर्धे ओझे आढ्याने धरले, अर्धे आपण. १०० किलोचा दगड असेल, तर आपल्याला सुमारे ५० किलोचाच जोर लावावा लागतो. ओझे चार दोरांवर टांगले, तर २५ किलो.

मग म्हणाल, गुरुजी, हा तर फुकटचा फायदा! नाही. दगड एक हात वर न्यायचा, तर पहिल्या वेळी दोर दोन हात ओढावा लागतो. दुसऱ्या वेळी चार हात. जोर कमी लावला, तर लांब ओढावे लागते. सृष्टीचा हिशेब चोख असतो. पहारीने धोंडा उलथताना हेच होते. टेकू धोंड्याजवळ ठेवला की आपला हात लांब फिरतो, आणि धोंडा बोटभर हलतो. आपल्या वाडवडिलांनी तो नियम कधीच ओळखला होता. त्याचे गणित मांडले नव्हते, इतकेच.

आता मला एक कबुली द्यायची आहे. मी हे कप्पीचे गणित मुलांना बरीच वर्षे शिकवले. फळ्यावर चक्र काढायचे, बाण काढायचे, सूत्र लिहायचे. शाळेत विज्ञानाचे कपाट होते. त्यात पितळेच्या दोन चांगल्या कप्प्या होत्या, भिंग होते, लोहचुंबक होते. त्या कपाटाला कुलूप होते आणि किल्ली माझ्याकडे होती. तपासणीला साहेब आले, की कपाट उघडायचे, वस्तू मोजून दाखवायच्या, पुन्हा कुलूप. मुलांच्या हातात दिली आणि हरवली, मोडली, तर भरून कोण देणार? मीही नोकरीत नवखा. भीती वाटे. सालोसाल त्या कप्प्यांना एकाही मुलाचा हात लागला नाही.

मग एकदा सहल घेऊन आम्ही वरळीला गेलो. केंद्र उघडून फार दिवस झाले नव्हते. आमच्यात एक धनगराचा मुलगा होता. वर्गात कधी तोंड उघडत नसे. गणितात तर शून्य. तो कप्पीजवळ गेला. दोरी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मग त्याने वर पाहून दोर मोजले. माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, जेवढं दोर, तेवढं वझं वाटून घेत्यात की!" मी फळ्यावर तीन तास जे सांगितले होते, ते त्याने एका ओळीत सांगितले. त्या मुलाला मी दोनदा ढ म्हटले होते. त्या रात्री परतीच्या गाडीत मला झोप आली नाही.

गावी आल्यावर मी कपाट उघडे ठेवले. पहिल्याच महिन्यात भिंग फुटले. माझ्या पगारातून मी ते आणले. फार महाग नव्हते.

वरळीलाही वस्तू मोडतातच, बरे का. रोज शेकड्यांनी पोरे येतात, कोणी हळू ओढते, कोणी जोरात. म्हणून तिथे स्वतःचा कारखाना आहे. सुतार, फिटर, रंगारी, वायरमन तिथे नवे प्रयोग बनवतात आणि मोडलेले दुरुस्त करतात. बघायला येणाऱ्याला हा कारखाना दिसत नाही, पण सगळे घर त्याच्यावर उभे आहे.

आणखी दोन गोष्टी सांगतो. एक झोक्याची. आपल्या लेकी पंचमीला झोके घेतात. आता सांगा, जड माणसाचा झोका लवकर परत येतो, की हलक्याचा? बहुतेक जण म्हणतील, जडाचा. विज्ञानाच्या बागांत कमीजास्त लांबीचे झोके टांगलेले असतात. बसून पाहिले की कळते, वजनाने फरक पडत नाही. दोर लांब असेल तर झोक्याला वेळ जास्त लागतो. दोर आखूड असेल तर कमी. आई बसो की तान्ही पोर बसो, दोर सारखा तर वेळही जवळजवळ सारखाच. भिंतीवरच्या जुन्या घड्याळातला लंबक याच नियमाने चालतो. घड्याळ मागे पडू लागले, तर लंबकाचे वजन किंचित वर सरकवायचे. झाले दुरुस्त.

दुसरी गोष्ट डोळ्याची. पहिले प्रदर्शन उजेड आणि दृष्टीचे होते, हे वर सांगितलेच. तुमच्यापैकी पुष्कळांना चाळिशी लागली असेल. अक्षरओळख होते, पण पुस्तक हातभर लांब धरावे लागते. काहींना वाटते, आपले डोकेच चालत नाही. तसे नाही. डोळ्यात एक भिंग असते. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना पसरते. वय वाढले की ते ताठर होते. जवळच्या वस्तूसाठी पुरेसे फुगत नाही. मग अक्षर पुसट दिसते. चष्म्याचे भिंग ते राहिलेले काम करते. यात डोक्याचा काही दोष नाही. डोळे तपासून चष्मा घ्यावा आणि पुढचे पान वाचावे.

आता म्हणाल, मुंबई लांब, भाडे परवडत नाही. खरे आहे. म्हणून ही केंद्रे पुढे ठिकठिकाणी झाली. बंगालमध्ये पुरुलियाला १९८२ साली जिल्ह्याचे पहिले विज्ञान केंद्र झाले. नाशिक जिल्ह्यातून पेठेच्या रस्त्याने खाली उतरले, की गुजरातेत धरमपूर लागते. तो सगळा आदिवासी मुलूख. तिथे १९८४ साली केंद्र उघडले, म्हणजे वरळीच्या मोठ्या इमारतीच्याही आधी. नागपूरला रामन विज्ञान केंद्र १९९२ साली झाले. सर चंद्रशेखर वेंकट रामन या शास्त्रज्ञाचे त्याला नाव आहे. ते तरुणपणी काही काळ नागपूरला सरकारी नोकरीत होते. गोव्यात पणजीला, मिरामारच्या किनाऱ्याजवळ, २००१ साली झाले. पिंपरी चिंचवडलाही विज्ञानाची बाग आहे. ज्याला जे जवळ, त्याने ते पाहावे. वरळीला जायचे तर पश्चिम रेल्वेचे महालक्ष्मी स्टेशन जवळ पडते. सकाळी लवकर जावे. एका दिवसात सगळे होत नाही. धावत सगळे बघण्यापेक्षा दहाच वस्तू नीट बघाव्यात.

आणि जे कुठेच जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी आणखी एक युक्ती निघाली. १९६५ साली कलकत्त्याच्या म्युझियमने प्रयोग बसमध्ये भरले आणि बस खेड्यापाड्यांकडे काढली. नंतर इतर केंद्रांनीही तसेच केले. माणूस म्युझियमकडे जाऊ शकत नाही ना? मग म्युझियमच माणसाकडे गेले. दिवसा शाळेच्या पटांगणात बस उभी राहते. मुले आणि मोठी माणसे प्रयोग पाहतात. रात्री सिनेमा दाखवतात आणि दुर्बिणीतून आकाश.

आमच्या तालुक्याच्या गावी अशी बस आली होती. दुर्बिणीपुढे मोठी रांग लागली. एक म्हातारी रांगेत होती. तिला पुढच्या पोरांनी सांगितले, आजी, एक डोळा मिट आणि चंद्र बघ. तिने पाहिले. बराच वेळ डोळा काढीना. मागचे लोक ओरडू लागले. मग ती म्हणाली, "अगं बया, ह्याला तर देवी आल्यात!"

चंद्रावरचे ते खड्डे. पूर्वी देवीच्या रोगाचे वण चेहऱ्यावर राहत, तसेच ते दिसतात. बसबरोबर आलेल्या तरुण मुलाने तिला समजावले, की आकाशातले धोंडे चंद्रावर आदळले आणि हे खड्डे पडले. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, म्हणून ते बुजत नाहीत. म्हातारीने सगळे ऐकून घेतले. मग ती घरी गेली, सुनेला चुलीपुढून उठवून घेऊन आली आणि पुन्हा रांगेत शेवटी उभी राहिली.